बर्फाला वास येतो

सासूबाईंनी बर्फालाही नावं ठेवली, तेव्हा वॉर्डातली नर्स मान खाली घालून हसली. हसण्यासारखंच होतं ते. पोटाचं ऑपरेशन झालेलं, पाण्याचा थेंब घ्यायची परवानगी नाही, घशाला कोरड पडली की कागदी कपातून बर्फाचे दोन-तीन खडे चोखायचे, एवढंच काय ते त्यांचं खाणंपिणं. त्यातही बाईंनी खोट काढलीच. "याला वास येतो," म्हणत त्यांनी तोंडातला खडा परत कपात टाकला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आई, बर्फाला कसला आलाय वास?" थोरला मुलगा म्हणाला. "औषधांनी तोंडाची चव जाते, डॉक्टर म्हणालेत ना."

"चव गेलीय, नाक नाही गेलं," सासूबाई भिंतीला म्हणाल्या.

उशाशी बसलेली थोरली सून तेवढी हसली नाही. तळमजल्यावर हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात जे मशीन आहे, तिथून हा बर्फ वर येतो, आणि ते मशीन याच आठवड्यात तिने स्वतःच्या हाताने साफ केलं होतं. साफ करून झाल्यावर बर्फाच्या पेटीत डोकं घालून, लांब श्वास घेऊन, "गोड आहे," म्हणजे कसलाही वास नाही, असं मेट्रनबाईंना सांगितलंही होतं. आणि तो श्वास तिने नुसता घेतला होता. त्यात वास होता की नव्हता, हे तिला त्या दिवशीही ठाऊक नव्हतं आणि आत्ताही नव्हतं.

थोरली आणि धाकटी, या दोघी जावा मिळून बर्फाची मशीनं साफ करायचं काम करतात. जावाजावांचं एका चुलीवर जमणं मुश्कील असतं, या दोघींचं एका मशीनवर जमलं. हॉटेलं, मासळीची दुकानं, आइस्क्रीमवाले, शिवाय हे हॉस्पिटल. धाकटीचा हात पान्या-स्क्रूवर असा चालतो की झाकण उघडलं कधी आणि पंप बाहेर आला कधी, बघणाऱ्याला कळत नाही. पण धाकटीला बारमाही सर्दी. तिच्या पिशवीत पाना विसरेल, रुमाल विसरायचा नाही. वासाचं खातं म्हणून थोरलीकडे. ती पेटीचं दार उघडायची, एकदा डोकं आत घालायची आणि सांगायची, पाण्याच्या ट्रेखाली बुळबुळीत थर धरलाय, किंवा फिल्टर संपलाय, किंवा कोणीतरी बर्फात माशाचं पाकीट ठेवलं होतं. मग मासळीवाला ओशाळा होऊन कबूल करायचा. गिऱ्हाइकं तिला नावाने ओळखतच नसत. फोनवर सरळ विचारत, "नाकवाल्या बाई आहेत का?"

आणि गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर नाकवाल्या बाईंचं नाक गेलं. ताप उतरला, खोकला थांबला, भूक लागायला लागली, वास मात्र परतला नाही. तिला कळलं तेही कसं, तर शेगडीवर दूध ठेवून ती शेजारीच शेंगा सोलत बसली होती, आणि घरात धूर दिसायला लागला तेव्हा वर बघितलं. पातेलं कोळसा झालं होतं. पुढे तिने साबण हुंगला, कांदा हुंगला, रॉकेलची बाटलीसुद्धा हुंगली. तिन्ही एकाच जातीची निघाली.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, डॉक्टरला नाही, धाकटीला तर नाहीच. आज येईल, उद्या येईल, असं म्हणत ती दिवस ढकलत राहिली. काम तर ती सगळं नेमकं करायची. क्षार काढायचं आम्ल मोजून घालायची, जंतुनाशक फिरवायची, पाण्याने खळबळून काढायची, पहिला बर्फ फेकून द्यायची. नुसतं शेवटचं ते हुंगणं तेवढं नाटक होतं. ती पेटीत डोकं घालायची आणि बाहेर येताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायची. तोंड वाकडं नसलं की म्हणायची, गोड आहे. या नाटकाची तिला लाज वाटायची. पण नाक नसलेल्या बाईकडून बर्फ कोण साफ करून घेईल? ही दोन हातांची आणि एका नाकाची कंपनी होती, त्यातलं नाक बुडालं तर धाकटीचे हातही घरी बसणार. थोरलीला घरी बसायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला काहीतरी येतं म्हणून बोलवत होतं.

तर आता सासूबाई म्हणत होत्या, बर्फाला वास येतो.

तसं बघितलं तर सासूबाईंचं म्हणणं मनावर घ्यायचं कारण नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून थोरलीने रांधलेला एक पदार्थ त्यांच्या नाकाखालून बिनबोभाट गेला असेल तर शपथ. भाजीला धुराचा वास, भाताला गोणपाटाचा वास, सुनेच्या माहेराहून आलेल्या मिठाईला ट्रंकेचा वास. सुरुवातीला थोरली मोरीत जाऊन रडायची, मग चिडायची, मग पुढे त्यांच्या ताटात वाढण्याआधी आपणच चारदा हुंगून बघायला लागली. तिचं नाक तयार झालं ते कोणत्या शाळेत, हे तिला चांगलं ठाऊक होतं, कबूल मात्र तिने कधी केलं नव्हतं. अलीकडे सासूबाई जरा निवळल्या होत्या. घरातले म्हणायचे, वय झालं, दुसरं काय.

"आई," थोरलीने हळूच विचारलं, "वास कसला येतो?"

"मोरीचा," सासूबाई म्हणाल्या. लगेच, विचार न करता.

नवरा उठला. "तू काय आईचं ऐकत बसलीस? तूच साफ केलंस ना ते मशीन? मग?" त्याने हे कौतुकाने म्हटलं. बायकोच्या नाकाचा त्याला बायकोपेक्षा जास्त अभिमान होता. तो चहा प्यायला गेला.

थोरली बसून राहिली. तूच साफ केलंस ना, मग? एवढं म्हटलं की विषय संपत होता. नर्स हसलीच होती, नवरा तेच म्हणत होता, सासूबाईंच्या आजवरच्या तक्रारी तर साक्षीला उभ्याच होत्या. ती थोडा वेळ त्या आडोशाला सुखाने बसलीसुद्धा. कोणीही बसलं असतं.

मग तिचं लक्ष शेजारच्या खाटेकडे गेलं. तिथे एक शिंपीणबाई होत्या, त्यांचंही पोट फाडलेलं, त्याही बर्फावरच. त्या एक खडा तोंडात घालत होत्या, डोळे मिटत होत्या, आणि गुपचूप कपात टाकत होत्या. कप तुडुंब पाण्याने भरला होता. म्हणजे बर्फ तसाच वितळून गेला होता.

"तुम्हाला नको वाटतो का हो बर्फ?" थोरलीने विचारलं.

"तसं काही नाही," शिंपीणबाई अवघडून म्हणाल्या. "मलाच कसलातरी वास येतो. ऑपरेशननंतर तोंड खराब होतं म्हणतात. म्हटलं, माझंच तोंड असेल. उगाच कोणाला कशाला बोला."

या मजल्यावर जो तो आपलंच तोंड खराब आहे असं समजून गप्प बसला होता. बोलल्या त्या एकट्या सासूबाई, कारण आपल्यात काही खोट असू शकते हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

ती उठली आणि नर्सच्या टेबलाशी गेली. "मी बघून येईपर्यंत कोणाला बर्फ देऊ नका," ती म्हणाली. नर्सने मान वर केली. "मशीन मीच साफ केलंय. मीच सांगतेय, देऊ नका."

तिने धाकटीला फोन करून हत्यारांची पिशवी मागवली आणि जिना उतरून स्वयंपाकघरात गेली. मशीन आपल्या कोपऱ्यात घुरघुरत होतं, माणसाएवढं उंच, चकचकीत पत्र्याचं. वरच्या खणात बर्फ धरतो, धरला की खळ्ळकन खालच्या पेटीत पडतो. थोरलीने दार उघडून डोकं आत घातलं. गार हवा नाकात शिरली, नाक झोंबलं, बाकी काही नाही. गार आहे एवढं सांगणारं नाक काय कामाचं? तिला स्वतःचाच राग आला.

धाकटी धापा टाकत आली आणि काही न विचारता झाकण उघडायला बसली. वरची बर्फाची जाळी बघितली, आरशासारखी. पाण्याचा ट्रे, स्वच्छ. पंप, नळ्या, पेटीच्या दाराचं रबर, सगळ्यावरून थोरलीने बोट फिरवलं. कुठे बुळबुळ नाही, कुठे गुलाबी डाग नाही.

"ताई, हे तर झकास आहे," धाकटी म्हणाली. "गोड आहे ना?"

हो म्हणायचं, झाकण लावायचं, वर जायचं. तोंडापर्यंत आलेला होकार थोरलीने गिळला. मोरीचा, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. आणि बाई कितीही खाष्ट असल्या तरी वासाच्या बाबतीत त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. भाताला गोणपाटाचा वास म्हणाल्या, तेव्हा तांदूळ खरंच गोणपाटात ठेवलेला होता. मग बर्फ आणि मोरी यांची गाठ पडते कुठे?

"मशीन पुढे ओढ," ती म्हणाली.

"मागे काय आहे?"

"माहीत नाही. कधी बघितलंच नाही."

हेच खरं होतं. पेटीतलं वितळलेलं पाणी एका पाइपातून मागे जातं आणि जमिनीतल्या जाळीवर पडतं. पाइपाचं तोंड जाळीपासून चार बोटं वर लोंबकळत ठेवायचं असतं, म्हणजे गटाराची हवा उलटी वर चढत नाही. हे दोघींना पाठ होतं. पण मागे वाकून बघायची वेळ थोरलीवर कधी आलीच नव्हती. तिथे काही बिघडलं तर दार उघडताक्षणी तिच्या नाकाला कळायचं. नाकाने इतकी वर्षं चाकरी केली आणि डोळे आयतोबा होऊन बसले.

मशीन पुढे सरकलं. थोरली फरशीवर आडवी झाली आणि बॅटरी मारली. पाइपाचं तोंड जाळीच्या आत खोल खुपसलेलं होतं आणि भोवती फडकं गच्च कोंबलेलं होतं. जमिनीखालचं गटार थेट बर्फाच्या पेटीत श्वास सोडत होतं.

भांडी घासणाऱ्या मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ते मी केलं," त्या घाबरत म्हणाल्या. "पाणी उडायचं बाहेर. गेल्या आठवड्यात स्वयंपाकीण घसरून पडली, कंबर मोडता मोडता राहिली. म्हटलं, नळी आत घातली की फरशी कोरडी राहील. तुम्ही साफ करायला आलात त्याच्या आधीच केलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून वाटलं चालतंय."

मावशींवर कोणी रागावलं नाही. रागवण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं. धाकटी मात्र थोरलीकडे बघायला लागली.

"ताई, त्या दिवशी तू डोकं आत घातलं होतंस. वास नाही आला?"

थोरली फरशीवरच बसली होती. पदराला पाणी लागलं होतं. "नाही आला. हिवाळ्यापासून मला कसलाच वास येत नाही."

धाकटीने मग खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, आणि ते आधी होतं तसंच चोंदलेलं राहिलं. "म्हणजे आपल्या दोघींत मिळून एकही नाक नाही?" ती म्हणाली. थोरलीला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडूही आलं. धाकटी तिच्याजवळ उकिडवी बसली. "मला का नाही सांगितलंस? मी काय परकी आहे?" तिला खरंच लागलं होतं ते. थोरलीने तिचा हात धरला.

मग दोघी कामाला लागल्या. फडकं काढलं, पाइप कापून जाळीच्या वर आणला, खाली पसरट भांडं ठेवून पाणी उडणार नाही अशी सोय केली. सगळा बर्फ गरम पाण्याने वितळवून टाकला. पेटी घासली, निचऱ्याचं भोक लांब ब्रशने घासलं, जंतुनाशक फिरवलं, धुतलं. मशीन चालू केलं. पहिला बर्फ पडला तो फेकला, दुसरा पडला तोही फेकला. मेट्रनबाईंनी तोवर वॉर्डासाठी बाहेरून बर्फ मागवला होता आणि आता त्या स्वतः खाली येऊन उभ्या होत्या, नेहमीसारख्या, नाकवाल्या बाईंच्या तोंडून गोड ऐकायला.

थोरलीने पदर खोचला. "मेट्रनबाई, मला वास येत नाही," ती म्हणाली. "आजारपणात गेला. मागच्या वेळी मी गोड म्हटलं ते न कळता म्हटलं. चूक माझी आहे. मावशींची नाही, धाकटीचीही नाही."

मेट्रनबाई चांगल्या बाई होत्या, पण ज्यांच्या जिवावर चार मजले झोपतात, त्यांना चांगलं असून चालत नाही. त्या स्वतःच पुढे झाल्या, पेटीत वाकल्या आणि श्वास घेतला. "मला तर काही येत नाही. बरा आहे. देऊ या वर."

पुन्हा सुटकेचं दार उघडं होतं. मेट्रनबाई म्हणताहेत, आपण कशाला नाही म्हणा? पण थोरलीने त्यांच्या हातांकडे बघितलं. जन्मभर औषधाच्या पाण्यात बुडालेले हात. या बाईंना औषधाचा वास येणारच कसा, त्या तर त्यातच राहतात.

"थोडं थांबा," ती म्हणाली. "वर एक नाक आहे. त्याला विचारून येते."

तिने कपात चार खडे घेतले आणि जिना चढली. सासूबाई जाग्या होत्या. थोरलीने त्यांना उशी लावून बसवलं आणि कप पुढे केला.

"तोंडात घालू नका. नुसता वास घ्या आणि सांगा. मला येत नाही, आई. माझं नाक गेलंय."

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या.

थोरलीने कप खाली घेतला.

"ते पातेलं करपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला दूध दिलंस," सासूबाई म्हणाल्या. "त्याच पातेल्यातलं, करपट वासाचं. माझ्या हातात देण्याआधी तू ते हुंगलंस, आणि तरी दिलंस. एरवी तू मला कधी तसं दूध दिलं असतंस का?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तेव्हापासून तुम्ही एकाही गोष्टीला नावं ठेवली नाहीत. सगळे म्हणायचे, आई निवळल्या."

"निवळतेय कसली. सगळं गिळलं. तू केलेली ती खवट चटणीसुद्धा." त्यांनी दम घेतला. बोलताना टाके ओढत होते. "आधी बोलायचे, तेव्हा तुला कळायचं. आता बोलून तुला काय कळणार होतं? नुसतं लागलं असतं."

थोरलीने मान खाली घातली. हिवाळ्यापासून ती एकटीच हे ओझं वाहतेय असं समजत होती, आणि समोर ही म्हातारी रोज दोन वेळा मुकाट्याने तिच्या वाटणीचं खात होती. एवढी माया या बाईंच्या पोटात असेल असं तिला कोणी सांगितलं असतं, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

"आई, घरी गिळलंत ते गिळलंत," ती म्हणाली. "इथे नको. हे या खाटांवरच्या सगळ्यांच्या तोंडात जाणार आहे. माझी दया नका करू. मेट्रनबाई बरा आहे म्हणाल्यात. तुम्ही खरं सांगा."

सासूबाईंनी कप नाकाशी नेला. डोळे मिटले. त्यांचं ते धारदार नाक एकदा हललं, थांबलं, पुन्हा हललं. शेजारच्या शिंपीणबाईसुद्धा कोपरावर उठून बघायला लागल्या. थोरली त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्यांचं तोंड वाकडं व्हावं की होऊ नये, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"मोरी गेली," सासूबाई म्हणाल्या. "पण औषध राहिलंय. नीट धुतलं नाहीस. धसमुसळेपणाने काम केलंस की असंच होतं. तुला किती वेळा सांगितलंय, घाई करायची नाही म्हणून."

थोरलीने कप घेतला. "धुते परत," ती म्हणाली.

"आणि धुतलंस की घेऊन ये. मी झोपले असले तरी उठव."

ती भराभर जिना उतरली. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं आणि तिने ते पुसलंही नाही. खाली मेट्रनबाई आणि धाकटी दोघी तिच्याकडे बघत उभ्या होत्या. थोरलीने मशीनचं बटण बंद केलं आणि बर्फ काढायचा डाव उचलला.

"पुन्हा उघड," ती धाकटीला म्हणाली.

"का? काय म्हणाल्या?"

"नावं ठेवली," थोरली म्हणाली, आणि हसत हसत बर्फ उपसायला लागली.